बावन्न हजार तीनशे ऐंशी

"झाकण काढून दाखवू?" मगदूमने विचारलं.

"दाखवा," मी म्हणाले.

त्याने मागचे दोन स्क्रू बोटांनीच सोडवले आणि कॉम्प्युटरच्या डब्याची डावी बाजू सरकवून बाजूला ठेवली. आत धूळ नव्हती. पंख्याच्या पात्यांवर एक पातळ राखी थर होता, एवढाच. मी वही उघडली आणि हार्ड डिस्कवरच्या लेबलाची माहिती उतरवून घेतली: कंपनी, क्षमता, बनवल्याचा महिना. ऑगस्ट २००६.

"ताई, तुम्ही घर घेताय का कॉम्प्युटर?" मगदूम म्हणाला.

"ती भाजी पण अशीच घेते," अप्पा म्हणाले. "एम.एस्सी. आहे ती. फिजिक्स."

सांगलीत स्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात महावीर मगदूमचं दुकान होतं. जून २००८ मधला शनिवार. एम.एस्सी. होऊन मला वर्ष झालं होतं आणि नोकरी नव्हती. अर्ज करायला, परीक्षांचे फॉर्म भरायला मी सायबर कॅफेत जायची. तिथला पोरगा पाठीमागून स्क्रीन वाचायचा. म्हणून घरासाठी एक वापरलेला, दुरुस्त केलेला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. नवा परवडणार नव्हता. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या मते वापरलेली वस्तू आणि दुसऱ्याची चप्पल यांत फरक नव्हता, पण मी समजावल्यावर ते सोबत आले होते.

मगदूम पस्तिशीचा असेल. आधी दहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होता. आता त्याने स्वतःचं दुकान टाकलं होतं आणि बंगळूरहून पहिल्यांदाच एकगठ्ठा माल आणला होता: तेरा कॉम्प्युटर, सगळे एकसारखे. भिंतीला लागून ते उभे होते.

"ह्यातले बारा शाळेला जाणार," तो म्हणाला. "कुपवाडच्या बाजूची शाळा. मुख्याध्यापक बाई आत्ता येतीलच बघायला. तेवढं जमलं की मी सुटलो. एक उरतोय, तो तुम्ही बघा."

"वापरलेत किती?"

"चार-पाच महिने. कंपनीनं ट्रेनिंगची खोली केली होती. खोली बंद पडली, मग माल गोडाऊनमध्ये. मी स्वतः भरून आणलाय. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं."

मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक छोटा प्रोग्रॅम होता. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या पोटात काही नोंदी ठेवते: ती एकूण किती वेळ चालली, किती वेळा सुरू केली गेली. या नोंदी एरवी दिसत नाहीत. तो प्रोग्रॅम त्या दाखवायचा. मी हे आठवडाभर वाचून तयार झाले होते.

"हे काय?" मगदूमने विचारलं.

"डिस्कचं वय कळतं."

"बरं. मला पण कळू दे."

त्याने मोकळेपणाने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. पुढे हे मला बऱ्याचदा आठवलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मगदूम उठून उभा राहिला. "या मॅडम. ह्या आवटे मॅडम, शाळेच्या," त्याने अप्पांना सांगितलं. दुकानात आणखीही माणसं होती. कोणी प्रिंटरची शाई घ्यायला आलेलं, कोणी नुसतं चौकशीला. मी स्क्रीनकडे बघत होते.

सुरू केल्याची संख्या: ११२. चालू राहिल्याचा काळ: ५२,३८०. त्या रकान्याच्या डोक्यावर 'तास' असं लिहिलेलं होतं.

मी दोन्ही आकडे वहीत घेतले आणि बाजूला भागाकार केला. भागिले चोवीस, भागिले तीनशे पासष्ट.

"मगदूम, ही डिस्क सहा वर्षं चाललीय," मी म्हणाले. "सहा वर्षांना एक आठवडा कमी. रात्रंदिवस."

"काहीतरीच काय ताई. मशीनच दोन वर्षांपूर्वीचं आहे. लेबल बघा की, तुम्हीच लिहून घेतलंय."

"लेबल कुणीही चिकटवू शकतं. आतला आकडा बदलता येत नाही."

"मी कशाला चिकटवू लेबल?"

"तुम्ही चिकटवलं असं मी म्हणत नाही. मी आकडा सांगतेय. बावन्न हजार तीनशे ऐंशी तास."

माझा आवाज मोठा नव्हता. मला शांतपणे बोलायची सवय आहे, आणि शांतपणे सांगितलेला आकडा दुकानात जास्त लांब जातो. मागची कुजबुज थांबली. मगदूम वाकून स्क्रीनजवळ आला. त्याने आकडा वाचला, मग पुन्हा वाचला.

"ट्रेनिंगची खोली होती," तो म्हणाला. "मी बघितलीय."

आवटे बाई पुढे आल्या. चष्मा लावून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे, मग माझ्याकडे. "तुमचं नाव?"

"विभावरी सावर्डेकर."

"एम.एस्सी. आहे," अप्पा म्हणाले. "फर्स्ट क्लास."

मगदूमला बाई एवढंच म्हणाल्या, "मी कळवते." त्या आमच्याबरोबरच जिना चढल्या. वर रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी मला चार-पाच प्रश्न विचारले. त्यांच्याकडे विज्ञान आणि संगणक दोन्ही शिकवणारी जागा जानेवारीपासून रिकामी होती. येणारे अर्ज त्यांना पसंत पडत नव्हते. "सगळे पाठ करून येतात. आत डोकावून बघणारं कुणी नाही. सोमवारी साडेअकराला सर्टिफिकेटं घेऊन या. दुपारी आमची कमिटी आहे."

घरी जाताना अप्पांनी अर्धा किलो पेढे घेतले. मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही. ते म्हणाले, पेढ्यांना काय कळतंय.

रविवारी दुपारी मी सर्टिफिकेटं फाईलला लावत होते. वही शेजारी उघडी होती. मला एक खोड आहे: दोन आकडे शेजारी दिसले की मी एकाला दुसऱ्याने भागते. ५२,३८० भागिले ११२. उत्तर आलं चारशे सदुसष्ट आणि वर थोडं.

म्हणजे एकदा सुरू केला की कॉम्प्युटर सरासरी चारशे सदुसष्ट तास बंदच होत नव्हता. साडेएकोणीस दिवस. मग बंद, मग पुन्हा साडेएकोणीस दिवस. असं एकशे बारा वेळा. कोण वापरतं असं? मी पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली. चारशे सदुसष्ट मिनिटं असती तर?

सात तास सत्तेचाळीस मिनिटं.

सकाळी ऑफिसात आल्यावर सुरू करायचा, संध्याकाळी जाताना बंद करायचा. असे एकशे बारा दिवस. आठवड्याला पाच दिवस धरले तर पाच महिन्यांच्या थोडं वर.

मी सायबर कॅफेत गेले आणि तासभर शोधलं. त्या कंपनीच्या डिस्क हा काळ मिनिटांत मोजतात. मी वापरलेला प्रोग्रॅम सगळ्याच कंपन्यांच्या आकड्यावर 'तास' हाच मथळा लावत होता. प्रयोगशाळेत दोन वर्षं प्रत्येक वाचन तीनदा घ्यायची सवय असलेल्या मी हा आकडा एकदाच वाचला होता. दहा मिनिटांनी पुन्हा बघितला असता तर तो दहाने पुढे गेलेला दिसला असता. आणि लेबलवर बरोबर तारीख होती. तीच मी खोटी ठरवली होती.

अप्पांना सांगितलं. ते पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"तू कुठं खोटं बोललीस? चुकलीस. चुकणं वेगळं."

"काल चुकले. आज माहीत झालंय."

"मग उद्या नोकरीचं होऊ दे, परवा सांग. एक दिवसानं त्या मगदूमचं काय बिघडतंय?"

त्यांनी पान उलटलं. थोड्या वेळाने पेपरच्या मागून म्हणाले, "पाटबंधारेत असतो तर सहा महिने लागले असते ही चूक सापडायला."

सोमवारी दहाला दुकान उघडताच मी तळघरात उतरले. मगदूम एकटाच होता, उदबत्ती लावत होता. माझ्याकडे बघून त्याने उदबत्ती नीट खोचली, मग म्हणाला, "बोला."

"तोच कॉम्प्युटर पुन्हा सुरू कराल?"

"आता काय, आठ वर्षांचा झाला का?"

तरी त्याने सुरू केला. आकडा होता ५२,४२१. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटं थांबायचं आहे म्हणाले. तो स्टुलावर बसला. वरून रिक्षांचे आवाज येत होते. दहा मिनिटांनी मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ५२,४३१.

"हे तास नाहीत," मी म्हणाले. "मिनिटं आहेत. तासांत सांगायचं तर आठशे त्र्याहत्तर. तुम्ही म्हणत होतात तेच. पाच महिने."

त्याने आकड्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा सुटल्यासारखा हसेल. तो म्हणाला, "म्हणजे शनिवारी मी बरोबर होतो."

"हो."

"आणि ते मला सोमवारी कळतंय. माझ्याच दुकानात." त्याने कॉम्प्युटर बंद केला. "उशीर केलात ताई. काल संध्याकाळी बाईंचा फोन आला. बाराही घेतो म्हणाल्या. निम्म्या भावात. सहा वर्षं वापरलेला माल म्हणून. मी हो म्हटलंय."

"हो का म्हटलंत?"

"मग काय म्हणू? आकडा स्क्रीनवर. मला वाचता आला नाही, तुम्हाला आला. आहे ते सगळं घातलंय मी ह्या मालात. निम्मं तर निम्मं म्हटलं. आणि बाई म्हणाल्या, एम.एस्सी. झालेल्या बाई तसं लिहून देणार आहेत, फाईलला लागतं."

"मी?"

"दुसरं कोण? तुमची नोकरी पण तिथंच लागतीय म्हणाल्या."

मी वही पिशवीत घातली.

"आता बाईंना काय सांगणार?" त्याने विचारलं.

"आहे ते."

"बघा. मी सांगा पण म्हणत नाही, सांगू नका पण म्हणत नाही." जिन्यावर पावलं वाजली, तसा तो उठला. "गिऱ्हाईक आलं."

शाळा तीन खोल्या पक्क्या आणि चार पत्र्याच्या अशी होती. मुलं बहुतेक कारखान्यांतल्या कामगारांची. आवटे बाईंच्या टेबलावर दोन टाइप केलेले कागद तयार होते. त्यांनी माझी सर्टिफिकेटं भराभर चाळली, चहा मागवला आणि पहिला कागद माझ्याकडे फिरवला.

'तांत्रिक तपासणी अहवाल. सदर बारा संगणक अंदाजे सहा वर्षे अखंड वापरात असल्याचे आढळून आले. सबब मूळ दराच्या निम्मा दर वाजवी आहे.' खाली माझं नाव, पदवी आणि सहीसाठी रेघ.

"हा एक," बाई म्हणाल्या, "आणि हा दुसरा तुमच्या नेमणुकीचा प्रस्ताव. कमिटी चार वाजता आहे. दोन्ही एकदमच ठेवते."

मी त्यांना सगळं सांगितलं. एकशे बारा, सात तास सत्तेचाळीस मिनिटं, सकाळची दहा मिनिटं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चहा आला, गार झाला.

"तास की मिनिटं," त्या शेवटी म्हणाल्या, "एवढा काय फरक पडतो?"

"साठपट."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे बघा विभावरी. आमच्याकडे दिवसातून चार तास लाइट नसते. निम्म्या भावात कॉम्प्युटर आले तर उरलेल्या पैशांत बॅटऱ्या घेता येतील. नाहीतर हे बारा डबे असेच बसून राहतील आणि मुलं त्यांना हळद-कुंकू वाहतील. तो मगदूम उपाशी मरणार नाही. त्याचा नफा कमी होईल."

"त्याचा नफा किती, मला माहीत नाही."

"मग?"

"हे वाक्य खरं नाही."

"तुम्ही तपासलात एकच, आणि तो माझ्या बारांतला नाहीच. ते बारा सहा वर्षं वापरलेले असतील."

"असतील. तेही मला लिहिता येणार नाही. मी ते बघितलेले नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. बाहेर दुसरीच्या वर्गात पाढे चालले होते. सतराचा पाढा अर्ध्यात अडकत होता आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू होत होता.

"शनिवारी तुम्ही किती ठामपणे बोललात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे माणूस हवं. व्यापारी आम्हाला काहीही विकतात. आम्हाला त्यातलं कळत नाही, आम्ही ऐकून घेतो. पहिल्यांदा कुणीतरी त्यांना गप्प केलं."

"गप्प केलं ते चुकीच्या आकड्याने."

"ते मला कुठं माहीत होतं?"

"मलाही नव्हतं."

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला. त्यांनी टेबलाच्या खणातून दिला. मी लिहिलं: एकच संगणक तपासला. तो शाळेसाठी ठेवलेल्या बारांपैकी नाही. डिस्क आठशे त्र्याहत्तर तास चाललेली आहे. शाळेचे बारा तपासलेले नाहीत, ते खरेदीपूर्वी त्याच पद्धतीने तपासावेत. पद्धत खाली दिली आहे. दिनांक चौदा जून रोजी तोंडी सांगितलेला आकडा चुकीचा होता, चूक तपासणाऱ्याची होती, विक्रेत्याची नव्हती. सही केली.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना सवयीने लाल पेनने एक राहिलेला अनुस्वार दिला. मग टाइप केलेला अहवाल काढून कागद फाईलला लावला. नेमणुकीचा प्रस्ताव त्यांनी फाईलबाहेरच ठेवला, त्याच्यावर काचेचा पेपरवेट ठेवला.

"तुम्ही चांगलं शिकवलं असतं," त्या म्हणाल्या.

मी सर्टिफिकेटं गोळा केली आणि नमस्कार करून निघाले.

शाळेने मगदूमकडूनच बाराही कॉम्प्युटर घेतले, त्याने सांगितलेल्या भावात. माझ्या कागदावरच्या पद्धतीने त्याने बाईंसमोर बसून एकेक तपासून दाखवला. बॅटऱ्या त्या वर्षी आल्या नाहीत. हे मला मगदूमनेच सांगितलं, जुलैमध्ये, मी आणि अप्पा तेरावा घ्यायला गेलो तेव्हा. त्याने भाव कमी केला नाही. मीही मागितला नाही. अप्पा मागणार होते, मी त्यांच्याकडे बघितलं.

त्याने मॉनिटर पुठ्ठ्यात बसवला, वायरी गुंडाळून रबर लावलं, बिल लिहिलं. सगळं नीट केलं. मी म्हणाले, "शाळेचं जमलं, बरं झालं."

"जमलं," तो म्हणाला. सुतळीची गाठ मारत होता, मान वर केली नाही. "तुम्ही लिहून दिलंत, ते फाईलमध्ये आहे. पण शनिवारी दुकानात पाच माणसं होती ताई. फाईल कोण वाचतंय? त्यातलं एक पण परत आलं नाही."

"कोण होते ते?"

"एक ते चुडे, गणपती पेठेतले, स्टेशनरीवाले. बाकीचे कोण, कुणास ठाऊक. नवीन दुकान, नवीन गिऱ्हाईक."

मी दुसऱ्या दिवशी गणपती पेठेत गेले. चुडे रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागे बसले होते.

"हां, ते सहा वर्षं चाललेलं ना?" ते म्हणाले. "ऐकलं की मी. मेव्हण्याला पण सांगितलं, तिथं जाऊ नको म्हणून."

"ते चुकीचं होतं. मीच चुकीचं वाचलं होतं."

"असू दे वो. आम्ही घेतला दुसरीकडं."

"मेव्हण्यांना सांगाल?"

"सांगतो की," ते म्हणाले आणि एका मुलीला दोनशे पानी वही काढून दिली.

सांगितलं की नाही, मला माहीत नाही. उरलेल्या चौघांना मी दोन-तीन शनिवार त्या दुकानात शोधलं. काउंटरच्या बाजूला उभी राहून येणाऱ्यांकडे बघत राहायची. मगदूमने मला एकदा स्टूल दिलं, एकदा चहा दिला. पण ते समोरून गेले असते तरी मला कळलं नसतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ करून बोलत होते.